पट्टी कुठल्या खांद्यावर

मालकाला बसल्या जागी करमत नव्हतं म्हणून कुस्ती ठरली. लोक नंतर त्याला तोडगा म्हणाले, न्याय म्हणाले, कुणी कुणी तर मालकाचं मोठेपणही म्हणाले. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण दोन टोळ्यांच्या पोटावर एका माणसाची करमणूक, एवढंच ते होतं.

झालं असं की खालच्या खाणीत सुरुंग लावला आणि दगडाऐवजी पाणी निघालं. झराच फुटला. पंप लावला तरी पाणी हटेना. वरच्या अंगाला थोडा दगड उरला होता, पण त्यावर एकच टोळी जगली असती, आणि टोळ्या होत्या दोन. एकीचा म्होरक्या मुकादम, हाडजोडी काकीचा नवरा. दुसरीला मुकादम असा नव्हता, सगळे पंपवाल्याचं ऐकायचे. हा पंपवाला दगडही फोडायचा आणि खाणीचा पंपही सांभाळायचा. दोघं मिळून मालकाकडे गेले. मालक खुर्चीत बसून नखं कापत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "तुमच्यात कुस्ती कोण धरतं?"

मुकादमाकडून त्याचा मुलगा धरायचा. अंगानं दांडगा, म्हणून नावही दांडगाच पडलेलं. पलीकडून पंपवाला स्वतः.

"मग झालं तर. येत्या सुट्टीला होऊन जाऊ दे. जिंकेल त्याची टोळी काम करील. हरेल त्यानं दुसरीकडे बघावं. माझ्या डोक्याला ताप नको."

दोघं मान हलवून परत आले. मान हलवायला काय लागतं?

मुकादमानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकी चुलीवर तेल कोमट करत होती.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"नाही म्हणून काय करू? खाण त्याची."

"खाण त्याची. माणसंही त्याचीच का?"

"तुझं तोंड चालतं. माझी टोळी चालली पाहिजे," मुकादम म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

काकी हाडं बसवायची. खाणीवर मोडतोड रोजचीच. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा, कुणाची बोटं घणाखाली आलेली. दवाखाना दूर, आणि तिथं गेलं की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून माणसं आधी काकीच्या दारात यायची. दाराच्या आत एक बुटकं स्टूल होतं. पेशंट त्यावर बसायचा, काकी खाली. ही विद्या तिला सासूनं दिली आणि विद्येबरोबर एक नियमही दिला. हाताला कळलं ते तोंडाला कळता कामा नये. कुणाचा पाय कुठं मोडला, कुणाची पाठ कामातून गेली, हे उंबऱ्याबाहेर गेलं तर त्या माणसाला काम कोण देईल? सासू तशी खाष्ट. सुनेला जन्मभर तिनं सुखाचा घास खाऊ दिला नाही, पण हा नियम तिनं मरेपर्यंत पाळला. काकीनंही पाळला होता. आतापर्यंत.

कुस्ती ठरल्यावर मालकाला आठवलं की आपला मोठा पंप खालच्या पाण्यात बुडालाय. त्यानं पंपवाल्याला सांगितलं, काढ. मजुरीचं नाव नाही. पंपवाला एकट्या मेहुण्याला वर दोरावर ठेवून खाली उतरला, पहारेनं पंप उचकटला, दोर बांधून खेचायला लागला. वर मेहुण्याच्या हातातून दोर सुटला आणि पंपाबरोबर पंपवाल्याचा हातही गेला. उजवा खांदा उतरला.

संध्याकाळी तो अंगावर चादर घेऊन काकीच्या दारात आला. बरोबर त्याची बायको, तोंडात पदराचा बोळा. मुकादम आणि दांडगा घरात नव्हते. काकीनं काही विचारलं नाही. स्टुलावर न बसवता त्याला जमिनीवर आडवा केला, बगलेत टाच रोवली, मनगट धरलं आणि मागं रेलली. खट् आवाज झाला आणि पंपवाला ओरडला. शेजारची भिंत पातळ होती, ती ओरड पलीकडे गेली.

"बसला," काकी म्हणाली. "पण सैल बसलाय. पुन्हा झटका बसला तर पुन्हा निसटेल, आणि मग निसटायची सवय लागेल त्याला. कुस्ती विसर."

"विसरून कसं चालेल, काकी? सगळ्या टोळीचा सवाल आहे."

"मालकाला सांग. त्याच्याच पंपापायी झालंय."

"सांगून आलो. म्हणाला, खांद्याचं मला ऐकवू नकोस, नाही उतरलास तर हरलास."

काकीनं तेलाची वाटी जमिनीवर अशी आपटली की तेल सांडलं. मग ती सांडलेलं तेल बोटांनी गोळा करत बसली. काय करणार? मालक काही तिच्या हाताशी नव्हता.

"चादरीखाली दोन्ही हात ठेव," ती शेवटी म्हणाली. "कुठला गेलाय ते कुणाला दिसू देऊ नकोस."

खाण बंद होती, हात उचलायचं काम नव्हतं, म्हणून ते झाकलं गेलं. पण सगळं कुठलं झाकायला? शेजारणीनं ओरड ऐकली होती. दुसऱ्या दिवशी नळावर, तिथून टपरीवर, आणि टपरीवरून मुकादमाच्या कानावर. पंपवाल्याचा खांदा गेलाय. कुठला, ते मात्र कुणालाच माहीत नाही.

माहीत होतं ते काकीला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी तिघं जेवायला बसली. दांडगा ताटात बघत होता. काकीला ते कळत होतं, पोरगा काहीतरी बोलायचं जुळवतोय. तो आणि पंपवाला एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढलेले. क्रशरखाली दगडाची भुकटी साचते, तिच्यात दोघं एकत्र कुस्ती शिकले, सोलपटलेल्या गुडघ्यांनी एकत्र या घरी आले, या एकाच स्टुलावर पाळीपाळीनं बसले.

"आई, त्याचा कुठला खांदा आहे?"

"खा मुकाट्यानं."

"तसं नाही गं. सांगितलंस तर मला जपता येईल. चुकूनही हात लागायला नको तिथं."

बोलणं तर सोन्यासारखं होतं. काकीला ते मनापासून आवडलं असतं. पण त्याच क्षणी पलीकडं मुकादमाचं चावणं थांबलं. घास गालात तसाच ठेवून तो ऐकत होता. तो घास काकीनं बघितला.

"दोन्ही खांदे जप," ती म्हणाली. "म्हणजे चूक व्हायला नको."

मुकादमानं घास गिळला. "कुस्तीत खांदा सोडून धरायचं काय, शेंडी?"

"पाय आहेत, कंबर आहे, मान आहे. पोराला शिकवताना तुम्हीच शिकवलंत ना?"

"तेव्हा पोट भरलेलं होतं. वरून दगड सुटतो तेव्हा तो विचारतो का, खाली कोण दुखावलेला आहे ते? आपल्या टोळीत चुली किती पेटतात, मोजल्यास कधी?"

"मी काय जनावर आहे का, आई?" दांडगा मध्येच म्हणाला. "एवढा विश्वास नाही?"

त्याचा आवाज दुखावलेला होता. खरोखर दुखावलेला. काकीनं त्याच्या ताटात आमटी वाढली आणि विषय संपवला. पण डोक्यातून तो घास काही जाईना.

सकाळी बापलेक लवकर बाहेर पडले. ते गेल्यावर पंपवाला आला.

"घट्ट बांधून द्या, काकी. कुस्ती होईपर्यंत जागेवर राहिला तरी पुरे."

काकीनं जुन्या चादरीच्या फाडलेल्या पट्ट्या काढल्या. त्यानं सदरा उतरवला. उजव्या खांद्याची सूज उतरली होती, काळंनिळंही राहिलं नव्हतं. नवख्याला दोन्ही खांदे सारखेच दिसले असते. काकी पट्टी हातात धरून उभी राहिली. उजवा बांधला तर सगळ्या खाणीला ओरडून सांगितल्यासारखं होतं, इथं मारा. न बांधला तर समोरचा दोन्हीकडे चाचपणार, आणि चाचपता चाचपता सापडणार. ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि पहिला वेढा डाव्या खांद्यावर टाकला.

"काकी, हा नव्हे."

"गप बस."

"अहो, हा चांगला आहे."

"मला शिकवतोस? मीच बसवलाय तो."

पंपवाल्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसं त्यानं तिचा हात धरला. "हे बरं नाही, काकी. दांडगा तसं करायचा नाही. मी ओळखतो त्याला."

"करायचा नाही ना?"

"नाही."

"मग पट्टी कुठं का असेना, तुझं काय जातंय? कापड आहे ते. कुणाला चावत नाही."

त्यानं तिचा हात सोडला. काकीनं वेढ्यावर वेढा घातला, छातीवरून पट्टी आणून गाठ मारली. गाठ मारताना तिला स्वतःचीच चीड आली. हाताला कळलेलं ती तोंडानं बोलली नव्हती, पण पट्टीनं बोलत होती, तेही खोटं. सासू असती तर याच पट्टीनं तिचं तोंड बांधलं असतं. आणि पंपवाला म्हणतो तो ओळखतो दांडग्याला. जन्म दिलेली बाई ओळखत नाही, आणि हा ओळखतो. बरोबर निघू दे बाबा तुझं, ती मनात म्हणाली. माझं तोंड काळं होऊ दे आणि तुझं बरोबर निघू दे.

क्रशरखालच्या भुकटीचा हौदा केला होता. मालकानं खुर्ची सावलीत मांडून घेतली. दोन्ही टोळ्या दोन बाजूंना, घरची माणसंसुद्धा. रोज एका पाण्यानं तोंड धुणारी माणसं त्या दिवशी एकमेकांकडे बघत नव्हती. पंपवाल्यानं सदरा काढला आणि डाव्या खांद्यावरची पांढरी पट्टी सगळ्यांना दिसली. मुकादमाच्या टोळीत कुजबूज झाली. पट्टीकडे बघून मुकादमानं मिशीवरून हात फिरवला. तो हात काकीनं टिपला.

कुस्ती लागली.

आधी दांडगा नीट लढला. हे काकीनं पुढं कधीही नाकारलं नाही. त्यानं पट्टीच्या बाजूला हातसुद्धा नेला नाही. दोघं मानेला मान लावून रेटत राहिले, भुकटी घामात कालवली, पाठी पांढऱ्या झाल्या. मग दांडगा एकदम खाली गेला, त्यानं पंपवाल्याची कंबर धरली आणि उचललं. पंपवाल्याच्या टाचा सुटल्या. त्याचा उजवा हात दांडग्याच्या पाठीवर नुसता आपटत होता, पकड घेतच नव्हता. का घेत नव्हता, ते तिथं दोघांतिघांनाच ठाऊक होतं. आणखी एक रेटा आणि पंपवाला पाठीवर गेला असता.

काकीचा ऊर भरून आला. सगळी टोळी जगणार म्हणून नव्हे. पोरगा सरळ जिंकत होता म्हणून. ती पट्टी आता तिला स्वतःच्या गालावर मारलेली चापट वाटत होती, आणि ती चापट तिला गोड लागत होती.

"अरे खांदा धर," मुकादम ओरडला. "खांदा, खांदा."

दांडग्यानं ऐकलं. त्यानं बापाकडे बघितलं, मग पट्टीकडे. आणि त्यानं कंबर सोडली.

हातात आलेली कंबर त्यानं सोडली. त्यानं पंपवाल्याचं डावं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि पाठीकडे पिळलं. पंपवाला वळला आणि सुटला. सुटून त्यानं दांडग्याच्या तोंडाकडे असं बघितलं, जणू हा कोण भलताच माणूस आहे. दांडग्यानं त्या नजरेला नजर दिली नाही. तो पुन्हा आत घुसला आणि यावेळी कोपर पट्टीवर घातलं, बरोबर गाठीच्या वर. मुकादमाच्या बाजूनं आरोळी उठली. काकीला ओरडावंसं वाटत होतं, पुरे कर, तिथं काही नाही, तुझी लाज तेवढी आहे तिथं. पण ते ओरडणं म्हणजे उजवा खांदा दाखवून देणं. तिसऱ्यांदा दांडग्यानं पट्टीतच बोटं अडकवली, तो हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळं वजन टाकून खाली ओढायला लागला.

चांगला धडधाकट हात तो. घण मारून मारून पोसलेला. पंपवाल्यानं स्वतःला ओढू दिलं, गर्रकन पाठ फिरवली, कंबर दांडग्याच्या पोटात घातली आणि त्या डाव्या खांद्यावरूनच त्याला धोबीपछाड घातली. दांडग्यानं तो हात शेवटपर्यंत सोडला नाही, म्हणून तर तो एवढा जोरात आपटला. आधी उजवा खांदा, मग पाठ.

पलीकडची टोळी नाचायला लागली. मालक खुर्चीतून उठला, टाळ्या वाजवत हौद्यात आला. "वा रे गड्या," म्हणत त्यानं पंपवाल्याचा उजवा हात धरला आणि सगळ्यांना दाखवायला वर खेचला.

पंपवाला किंचाळला आणि गुडघ्यांवर बसला.

मालक दचकून मागं सरला. "याला काय झालं? पट्टी तर इकडं आहे."

काकी गर्दीतून वाट काढत हौद्यात गेली, पंपवाल्याला आडवा केला, सगळ्यांच्या समोर त्याच्या उजव्या बगलेत टाच रोवली आणि ओढलं. खट् आवाज सगळ्यांनी ऐकला. मग तिनं डाव्या खांद्याची पट्टी सोडली आणि तीच उजव्या खांद्याला बांधली. बांधून होईपर्यंत मुकादमाच्या टोळीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"तुमच्या पंपानं उतरलेला खांदा आहे हा," ती मालकाला म्हणाली. "महिनाभर घण उचलायचा नाही त्यानं."

"मग त्याच्या टोळीत एक माणूस कमी धरू," मालक म्हणाला आणि भुकटी झटकत चालू लागला.

वाटेत काकीशी कुणी बोललं नाही. टोळीतल्या बायका तिला बघून दारं लोटून घेत होत्या. ज्यांची बाळंतपणात निखळलेली कंबर तिनं बसवली त्याही. त्यांच्या चुलींचा प्रश्न होता, तिला राग त्यांचा आला नाही.

घरात मुकादम वाट बघत होता.

"घरभेदी निघालीस तू. स्वतःच्या पोराला फसवलंस. सगळ्या टोळीच्या तोंडचा घास काढलास."

"मी कुणाला फसवलं?"

"पट्टी कुठं बांधलीस?"

"चांगल्या खांद्यावर. आणि चांगल्या खांद्यावर हात घातला म्हणून फसला असं कोण म्हणतं? दुखऱ्यावर घालायला निघालेला म्हणतो. जो गेलाच नसता, तो फसला कसा असता?"

"मोठी आली न्याय सांगणारी. पोटाला काय घालणार आता? तुझी पट्टी?"

"तुम्ही ओरडलात," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यानं कंबर धरली होती. मी बघितलं. एक रेटा राहिला होता. पलीकडचा हात त्याच्या पाठीवर मेल्यासारखा आपटत होता, तोच दुखरा. पकड नव्हती त्यात. तुमचा पोरगा सरळ जिंकत होता. टोळीच्या तोंडचा घास कुणी काढला ते टोळीला जाऊन सांगा. पट्टीनं नाही काढला."

मुकादमानं खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि बाहेर गेला. कुठं गेला कुणास ठाऊक. टपरीवर तर जाण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं.

दांडगा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"खरंच जिंकत होतो मी?"

"होतास."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय? उजवा धरला असतास. आज त्याचा हात गळ्यात बांधून जन्म गेला असता, आणि तू जिंकून घरी येऊन माझ्या हातचं जेवला असतास. मी वाढलं असतं का तुला? वाढलं असतं. आईच आहे मी. तेच मला नको होतं."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं की दुखण्याचं, काकीनं विचारलं नाही. त्याचा उजवा हात तो डाव्यानं धरून बसला होता, हे ती आल्यापासून बघत होती. कितीही चीड आली तरी डोळे आधी तिथंच जातात, त्याला काय करणार?

"स्टुलावर बस."

तो बसला. तिनं सदरा कापून काढला. गळ्याखालचं हाड मध्येच वर आलं होतं आणि भोवती सूज धरली होती. तिनं तेल न लावता बोटं फिरवली. दांडग्यानं दात आवळले. तिनं हात हलका केला नाही, जडही केला नाही. हाड सरळ केलं, खांदा मागं ओढून धरला आणि चादरीची पट्टी हातात घेतली.

"आई," दांडगा खाली बघत म्हणाला, "पट्टी डाव्यावर बांध."

काकीनं पट्टीचं टोक उजव्या खांद्यावर ठेवलं.

"उद्यापासून काम शोधायला बाहेर पडावं लागेल. टपरीवरून जायचं म्हणजे ते सगळे तिथं बसलेले असणार. मुद्दाम तिथंच थाप मारतील."

"जिथं मोडलंय तिथंच बांधणार."

"आई, पंपवालासुद्धा असेल गं तिथं."

"असू दे की," काकी म्हणाली. "तो तुझ्यासारखा नाही."

दांडग्यानं मान वर केली नाही. तिनं पट्टीचे वेढे उजव्या खांद्यावरून काढले, छातीवर आणून गाठ मारली आणि चुलीकडे वळली. सगळ्यांचं जेवण राहिलं होतं.